हे गुण कटिंगवाल्याचे

ऑफसेट प्रेसमध्ये उमर घालवलेल्या माणसाच्या हातात क्रिकेटचं कार्ड दिलं, तर तो आधी खेळाडू बघत नाही. कार्ड आडवं धरून कड बघतो, कोपऱ्यावरून अंगठा फिरवतो आणि म्हणतो, "ब्लेड बोथट होतं." मी त्यातलाच. नारायण पेठेतल्या एका प्रेसमध्ये आधी प्लेटमेकिंग, संगणक आल्यावर प्री-प्रेस, आणि दिवाळीच्या तोंडावर माणसं कमी पडली की कटिंग मशीन. लग्नपत्रिका, औषधांची खोकी, दिवाळी अंकांची मुखपृष्ठं, निवडणुकीची पत्रकं, सगळं या हातांखालून गेलं. छंद मात्र खेळाडूंच्या कार्डांचा आणि सह्यांचा. बायकोच्या भाषेत, "तुमची ती रद्दी".

या छंदात हल्ली ग्रेडिंगशिवाय कुणी बोलत नाही. कार्ड कंपनीकडे पाठवायचं, तिथला जाणकार ते भिंगाखाली तपासणार, एक ते दहा यांतला एक आकडा देणार आणि जाड पारदर्शक प्लॅस्टिकच्या पेटीत कायमचं बंद करून परत पाठवणार. या पेटीला स्लॅब म्हणतात. अमेरिकेतली पीएसए ही यातली सगळ्यांत मोठी कंपनी, १९९१ पासूनची. शिवाय बेकेट आहे, एसजीसी आहे. एसजीसी २०२४ मध्ये पीएसएच्याच मूळ कंपनीनं विकत घेतली, म्हणजे पाट्या दोन असल्या तरी मालक एकच.

तपासतात काय, तर चार गोष्टी: छपाई कार्डाच्या मध्यावर आहे का (याला सेंटरिंग म्हणतात), कोपरे, कडा आणि पृष्ठभाग. बेकेट तर या चारींचे वेगवेगळे गुण छापून देते. आता या यादीकडे प्रेसवाल्याच्या नजरेनं बघा. यात खेळाडूनं केलेलं काय आहे? काहीच नाही. कार्डाच्या मालकानं केलेलं काय आहे? फार तर हात न लावणं. बाकी सगळं छापखान्यात ठरलेलं असतं. ज्याला लोक सचिनचं दहा ग्रेडचं कार्ड म्हणतात, त्यातले निम्मे गुण तरी आमच्या कटिंगवाल्याचे असतात, आणि त्याचं नाव त्या स्लॅबवर कुठेच नसतं.

कार्डं सुटी छापली जात नाहीत. एका मोठ्या शीटवर ओळीनं मांडून छापतात, मग शीटचे गठ्ठे करून ब्लेडखाली घालतात. गठ्ठा जाड घेतला आणि क्लॅम्पचा दाब कमी-जास्त झाला, किंवा ब्लेडची धार गेलेली असली, की कागद ओढला जातो. वरची शीट एका जागी कापली जाते, तळातली केसभर सरकून. तो केसभर फरक लग्नपत्रिकेत कुणाला दिसत नाही. कार्डाच्या पांढऱ्या समासात मात्र तो लगेच उघडा पडतो, कारण समासच मुळात दोन-तीन मिलिमीटरचा. त्यात शीट थोडी तिरकी लागली तर चौकट तिरकी कापली जाते. शीटच्या कोपऱ्यात असलेल्या खेळाडूचं नशीबच खोटं. उचलताना, ठोकून सरळ करताना पहिला मार त्यालाच.

समोरासमोरच्या दोन समासांचं प्रमाण पुढच्या बाजूला ५५/४५ आणि मागच्या बाजूला ७५/२५, इतपत फरक पीएसए सध्या दहाला चालवून घेते. पूर्वी पुढच्या बाजूला ६०/४० चालायचं, मग नियम कडक केला. माझा भाचा न्यू जर्सीत असतो. कोविडच्या काळात अमेरिकेत सगळे घरात बसून कार्डं घ्यायला लागले, त्यात हाही बास्केटबॉलच्या कार्डांच्या नादी लागला. (तेव्हा कार्डांचा असा लोंढा आला की २०२१ मध्ये पीएसएनं स्वस्तातल्या सेवा चक्क थांबवल्या होत्या.) "मामा, सेंटरिंग बघ ना," म्हणून तो मला फोटो पाठवायचा. मी म्हटलं, फोटो नको, ६०० डीपीआयवर स्कॅन करून पाठव. मोबाइल जरा तिरका धरला की समास खोटं बोलतो. मग मी ते संगणकावर कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतो, डावीकडे-उजवीकडे गाइडच्या रेघा लावतो आणि मोजतो. डावीकडे २.९ मिलिमीटर, उजवीकडे २.१. बेरीज पाच, म्हणजे ५८/४२. "दहा विसर," असं उत्तर जातं. खेळाडू कोण हे मी बऱ्याचदा विचारतही नाही.

कटिंगचंच बोलतोय तर या छंदातली सगळ्यांत गाजलेली गोष्ट सांगायलाच हवी. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनी सिगारेटच्या पाकिटांत बेसबॉल खेळाडूंची छोटी कार्डं घालायची. संग्राहक त्या मालिकेला टी-२०६ म्हणतात. त्यात पिट्सबर्गच्या होनस वॅग्नरचं कार्ड होतं. त्यानं हरकत घेतली. कुणी म्हणतं पोरांनी तंबाखू विकत घ्यावी हे त्याला पटेना, कुणी म्हणतं मोबदला हवा होता. छपाई थांबली आणि मोजकीच कार्डं बाहेर राहिली. त्यातलं एक कार्ड विलक्षण सुंदर होतं: कोपरे टोकदार, कडा सरळ. १९९१ मध्ये आइस हॉकीचा बादशहा वेन ग्रेट्स्की आणि त्याच्या भागीदारानं ते सदबीच्या लिलावात ४,५१,००० डॉलरला घेतलं. पीएसएनं ग्रेड केलेलं हे पहिलंच कार्ड. आठ ग्रेड मिळाली आणि कंपनीचंही नाव झालं. पुढे २००७ मध्ये ते २८ लाख डॉलरला गेलं.

आणि २०१३ मध्ये बिल मास्ट्रो नावाच्या लिलाववाल्यानं न्यायालयात फसवणुकीचा गुन्हा कबूल करताना सांगितलं की, त्या कार्डाच्या कडा त्यानंच कापल्या होत्या. तेव्हा अगदी प्रत्येक कोपरा शंभर वर्षांपूर्वीच्या कटिंगवाल्याचा नव्हता. मास्ट्रोला वीस महिन्यांची शिक्षा झाली. कार्डाची किंमत मात्र फारशी हलली नाही, कारण तोवर ते 'ते प्रसिद्ध कार्ड' झालं होतं.

ही बातमी वाचली तेव्हा प्रेसमध्ये आम्ही चहाला बसलो होतो. आमचा कटिंगवाला सगळं ऐकून एवढंच म्हणाला, "कड बघून कुणालाच कळलं नाही?" त्याचा प्रश्न रास्त होता. शंभर वर्षांच्या पुठ्ठ्याची कड पिवळटलेली, जराशी मऊ झालेली असते. नव्यानं कापलेली कड कोरी असते, आतला कागद उजळ दिसतो, आणि कडेवरून नख फिरवलं तर तिचा ताठरपणा जाणवतो. त्यात मापही आहे. टी-२०६ चं ठरलेलं माप १ ७/१६ गुणिले २ ५/८ इंच. छापखान्यातच थोडं कमी-जास्त व्हायचं, त्यामुळे निव्वळ मापावरून शिक्का मारता येत नाही; पण कार्ड आखूड आणि कडा लख्ख, असं दोन्ही एकत्र दिसलं की मी हात मागे घेतो.

किमतीचं गणित वेगळंच चालतं. पहिला गैरसमज म्हणजे जुनं म्हणजे महाग. माझ्याकडे इंग्लंडच्या जॉन प्लेअर अँड सन्सची १९३८ ची क्रिकेट मालिका आहे, पन्नास कार्डांची. ब्रॅडमन आहे, हॅमंड आहे, कोवळा कॉम्प्टन आहे, आणि त्याच वर्षी ओव्हलवर ३६४ धावा काढणारा लेन हटन आहे. लोक हातात घेऊन "बापरे, किती लाख?" विचारतात. ती मुळीच महाग नाहीत. तेव्हा ही कार्डं अफाट संख्येनं छापली गेली, लोकांनी अल्बममध्ये जपून ठेवली, म्हणून आजही मुबलक मिळतात. १९४० मध्ये युद्धामुळे कागदाची टंचाई झाली आणि सिगारेट कार्डं बंद पडली, तोवर घरोघरी ढीग झाले होते. या कार्डांच्या पाठीला डिंक असतो, अल्बममध्ये चिकटवायला. आपल्या पावसाळ्यात तो डिंक जागा होतो आणि हटन कॉम्प्टनच्या पाठीला कायमचा चिकटतो. पुण्यात निभतं. कोकणात कुणाकडे ही कार्डं असतील तर प्रत्येक कार्ड वेगळ्या प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवा, पीव्हीसीचं सोडून. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि श्रावणात एकदा डबा उघडून कसर लागली नाही ना ते बघा. लॅमिनेशन करू नका. कृपा करून करू नका.

उलट बाजूचं उदाहरण म्हणजे टॉप्स या अमेरिकन कार्ड कंपनीचं १९५२ चं, बेसबॉलपटू मिकी मँटलचं कार्ड. हे कार्ड मालिकेच्या शेवटच्या भागात होतं, हंगाम संपत आला होता, माल खपला नाही. कंपनीच्या साय बर्गरनं पुढे सांगितलं की, १९६० मध्ये उरलेली खोकी बोटीवर लादून त्यांनी अटलांटिकमध्ये बुडवली. म्हणजे गोदाम मोकळं करायला. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यातलंच एक, समुद्रात न गेलेलं, ९.५ ग्रेडचं कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरला विकलं गेलं. मधल्या काळात, १९८०-९० च्या दशकांत, अमेरिकेत प्रत्येकानं कार्डं पेट्या भरभरून साठवली, कारण तोवर सगळ्यांना 'किंमत येते' हे कळलं होतं. कंपन्यांनीही मशीन थांबवलं नाही. ती बहुतेक कार्डं आज मातीमोल आहेत. आपल्याकडे १४ नोव्हेंबर २०१३ ला, वानखेडेवर सचिनच्या दोनशेव्या कसोटीच्या दिवशी, टपाल खात्यानं त्याची दोन तिकिटं काढली. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ तेव्हा घेतलेला गठ्ठा अजून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवून आहेत. लॉकरचं भाडं दर वर्षी भरतात.

आता आपल्या मातीतली कार्डं. माझ्या पिढीला बिग फन बबलगम आठवत असेल. त्याच्याबरोबर क्रिकेटपटूंची चित्रं मिळायची, त्यांवर रन आणि विकेट छापलेल्या असायच्या, त्या जमवून फ्लिपबुक मिळवायचं. छपाई म्हणाल तर रामभरोसे. रजिस्टर, म्हणजे रंगांची एकावर एक जुळणी, हललेलं, त्यामुळे कपिल देवच्या मिशीला लाल सावली. ही चित्रं आम्ही खिशात कोंबली, वहीत भातानं चिकटवली, गल्लीत जुगारावर लावली. कोरं करकरीत बिग फन मला आजवर क्वचितच दिसलं. कुणीतरी विचारतं, हे अमेरिकेला ग्रेडिंगला पाठवू का? कंपनीची फी, जाण्यायेण्याचं कुरिअर, विमा, कस्टमची कटकट, एवढं करून हातात पडणार दोन किंवा तीन ग्रेड. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. ज्यांना हौस आहे त्यांनी खुशाल पाठवावं, पण त्याला गुंतवणूक म्हणू नये.

'एकच षटकार'चे जुने अंक घेऊन येणारेही असतात. संदीप पाटील संपादक असलेलं ते पाक्षिक आमच्याकडे अर्ध्या गल्लीत फिरायचं. अंक अखंड असेल, मधली पानं असतील, पिना गंजलेल्या पण मूळच्याच असतील, तर मराठी संग्राहक चांगले पैसे देतात. मधलं पान फाडून भिंतीला लावलेलं असेल तर नाही. पोस्टर लावायलाच दिलेलं होतं, हेही खरं.

सह्यांच्या बाबतीत मात्र प्रेसचा अनुभव सोन्यासारखा कामी येतो. जुन्या बाजारात रविवारी एका फ्रेमवाल्याकडे १९८३ च्या संघाचा फोटो होता, लॉर्ड्सची बाल्कनी, कपिलच्या हातात कप आणि खाली सगळ्यांच्या सह्या.

"काका, ओरिजनल सह्या आहेत. एका साहेबांच्या बंगल्यातून आलंय."

मी खिशातलं भिंग काढून काचेवर टेकवलं. फोटोत चार रंगांच्या ठिपक्यांची फुलं होती, ती असणारच. पण सह्यांच्या रेघांतही तीच फुलं होती. शाईची रेघ अखंड असते. ती ठिपक्यांत फुटलेली दिसली म्हणजे सही फोटोबरोबरच स्कॅन होऊन प्लेटवर गेली आहे.

"अरे, सहीला स्क्रीन आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे कपिल देव छापखान्यात आला होता."

तो शांतपणे म्हणाला, "घ्यायचं नसेल तर भिंग खिशात ठेवा काका, गिऱ्हाईक बघतंय." त्याचंही पोट आहे.

दुसरं हत्यार म्हणजे नोटा तपासायचा निळा टॉर्च. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत स्वस्तात मिळतो. साधारण १९५० नंतरच्या बऱ्याचशा पांढऱ्या कागदात उजळपणासाठी रसायन घातलेलं असतं, ते या उजेडात निळसर चमकतं. १९१० चं म्हणून दाखवलेलं कार्ड ट्यूबलाइटसारखं चमकलं, तर पुढची चर्चा संपली. उलटं मात्र खरं धरू नका. न चमकणारा कागद जुनाच असतो असं नाही. जुन्या वहीची कोरी पानं मिळवून त्यावर सह्या करणारे कलाकार आहेत.

या सगळ्या विद्येची परीक्षा मध्यंतरी ठाण्यात झाली. एका ओळखीच्यांनी त्यांच्या आत्याकडे नेलं. आत्यांचं वय नव्वदीच्या आसपास, आवाज खणखणीत. यजमानांची सह्यांची वही दाखवायची होती. १९४८-४९ चा वेस्ट इंडिजचा दौरा, ब्रेबर्न स्टेडियम. एका पानावर कर्णधार जॉन गोडार्ड, पुढच्या पानावर एव्हर्टन वीक्स आणि क्लाइड वॉलकॉट, आणि त्याच पानावर खाली फ्रँक वॉरेल. वेस्ट इंडिजचे ते गाजलेले फलंदाज, 'तीन डब्ल्यू', एकाच पानावर! त्यांचा मुलगा खुशीत होता. मला घाम फुटला, कारण वॉरेल त्या दौऱ्यावर आलाच नव्हता.

बॅगेतून भिंग काढलं. वीक्स आणि वॉलकॉट निळ्या शाईत, फाउंटन पेन, शाई कागदात किंचित पसरलेली, पानाच्या मागे उमटलेली. वॉरेल काळ्या शाईत, निब जाड, हात सावकाश. मी आत्यांना विचारलं, "ही सही केव्हाची?"

"ती नंतरची. तो पुढच्या वर्षी आला ना, कॉमनवेल्थच्या टीममधून. हे त्याच पानावर जागा राखून बसले होते. म्हणायचे, तिसरा राहिलाय."

वॉरेल १९४९-५० मध्ये कॉमनवेल्थ इलेव्हनबरोबर खरंच भारतात आला होता. एखाद्या बनावट करणाऱ्यानं तिघांच्या सह्या एकाच पेनानं, एकाच बैठकीत केल्या असत्या. इथे दोन शाया होत्या, मधे रिकामी ठेवलेली जागा होती आणि सांगणारी बाई समोर होती. वहीत पुढे ब्रेबर्नच्या तिकिटाचा अर्धा तुकडा डिंकानं चिकटवलेला, आणि त्यांच्या अक्षरात वीक्सच्या त्या मोसमातल्या शतकांची यादी: दिल्ली १२८, मुंबई १९४, कलकत्ता १६२ आणि १०१. मद्रासपुढे "९० धावबाद" आणि त्याखाली दोनदा रेघ.

ग्रेडिंगच्या तराजूत ही वही घातली तर काय होईल ते मला माहीत आहे. डिंकाचे डाग, पानं पिवळी, कणा सुटलेला, मालकाची लिखापढी. कंपनी सही खरी की खोटी ते सांगेल, पान दिसायला बेतास बात म्हणेल आणि ते बरोबरच असेल. पण लिलावात या वस्तूला भाव येतो तो तिकिटाच्या तुकड्यामुळे आणि त्या यादीमुळे. २०११ च्या विश्वचषक अंतिम सामन्यातली धोनीची बॅट त्याच वर्षी लंडनमध्ये १ लाख पौंडांना गेली, शेन वॉर्नची 'बॅगी ग्रीन' ही कसोटीची टोपी २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वणव्यांच्या मदतीसाठी १० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर गेली. बॅट आणि टोप्या हजारो आहेत. हीच ती, हे कुणाला तरी सिद्ध करता आलं, म्हणून पैसे. म्हणून मी आत्यांच्या समोर मोबाइल ठेवला, त्यांना सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं आणि ते रेकॉर्ड करून घेतलं. वहीबरोबर ते रेकॉर्डिंगही ठेवा, यजमानांचा त्या काळातला एखादा फोटो असेल तर तोही, असं मुलाला सांगितलं.

मुलाचा प्रश्न वेगळाच होता. "काका, पानं सुटी करून एकेक सही फ्रेम केली तर जास्त येतील का? तुम्ही कटिंगमधलेच आहात, नीट कापून द्याल."

खरं सांगायचं तर कदाचित जास्त येतील. सुट्या सह्यांना गिऱ्हाईक पटकन मिळतं, भिंतीवर लावायला बरी पडते, आणि कापलेली सही कार्डात बसवून विकण्याचा अमेरिकेत मोठा धंदाच आहे. मी ते त्याच्यापासून लपवलं नाही. अख्ख्या वहीचा माझ्या अंदाजानं काय भाव येईल तोही सांगितला. तो आकडा इथे लिहीत नाही, वही अजून त्यांच्याच घरात आहे. पण कापून देणार नाही म्हटलं. दुसरा कुणी देईल, ठाण्यात प्रेसना तोटा नाही.

आत्या हे सगळं ऐकत होत्या. मुलाला म्हणाल्या, "मी गेल्यावर काय ते कर. आत्ता ह्यांना चहा टाक."